‘माहीत नाही’च्या चौकटीतली खूण

मंगळवार, २ मार्च

आज दुपारी रुग्णालयाचा लिफाफा आला. त्यातील मजकूर मला नीट समजावा म्हणून तो येथे माझ्या शब्दांत उतरवून काढीत आहे.

२९ जानेवारीस, माझी पत्नी गेल्यानंतर साधारण वीस मिनिटांनी, वॉर्डाबाहेर एका कर्मचाऱ्याने माझ्यासमोर एक कागद धरला आणि मी त्यावर सही केली. मी एकतीस वर्षे लिफ्ट-निरीक्षक म्हणून नोकरी केली. दोर स्वतःच्या हाताने चाचपल्याशिवाय आणि ब्रेक स्वतः दाबून पाहिल्याशिवाय मी एकाही लिफ्टच्या प्रमाणपत्रावर सही केलेली नाही. न वाचता सही केलेला माझ्या आयुष्यातील तो एकमेव कागद. त्या सहीने मी तिच्या फुप्फुसाचे, हृदयाचे, मूत्रपिंडाचे, आतड्याचे आणि नाकाच्या अस्तराचे लहान तुकडे काढून ठेवण्यास परवानगी दिली होती, हे आज कळले. ते तुकडे मेणात बसवून ठेवलेले आहेत. कोरोनाचा विषाणू काही अवयवांना फार इजा करतो आणि काहींना जवळपास सोडून देतो, असे का, याचा अभ्यास त्यांवर करावयाचा आहे. त्यासाठी आता सविस्तर संमतिपत्र हवे, आणि त्याखाली दोन जवळच्या नातेवाइकांच्या सह्या हव्यात. म्हणजे माझी आणि मुलीची. मुदत ३१ मार्च. संमती न आल्यास नमुने ‘सन्मानपूर्वक नष्ट करण्यात येतील’.

माझी पहिली प्रतिक्रिया संतापाची होती. दुसरी लिहावी की नाही याचा विचार करण्यात चहा गार झाला. ती अशी: म्हणजे ती सगळीच्या सगळी गेलेली नाही. या शहरातल्या एका कपाटात ती थोडीशी आहे.

बुधवार, ३ मार्च

मेव्हणी डबा घेऊन आली. पत्नीची ही धाकटी बहीण दोन रस्ते पलीकडे राहते आणि दिवसाआड मला जेवू घालण्याच्या निमित्ताने माझी झडती घेते. मी तिला पत्र वाचून दाखविले. तिने तोंडावर पदर घेतला, दोन मिनिटे रडली, मग डबा उघडला.

“आधी चिरून ठेवलं आणि मग विचारताहेत. छान पद्धत आहे.”

“मी सही केली होती.”

“तुम्ही? न वाचता?” ती माझ्याकडे पाहतच राहिली. “भावोजी, तेव्हा तुमची अवस्था काय होती ते मला आत्ता कळलं बघा.”

मी म्हणालो की, मृत्यूच्या दाखल्यावर ‘अनेक अवयव निकामी’ एवढेच लिहिले आहे. ‘अनेक भाग बिघडले’ असा अहवाल मी दिला असता तर मला वरिष्ठांनी घरी बसविले असते. कोणता भाग आधी, कोणता नंतर, आणि का? हे समजल्याशिवाय मी पुन्हा सही करणार नाही.

“मग समजून घ्या की! दुसरं काम काय आहे तुम्हाला? महिनाभर त्या खिडकीचं निरीक्षण चाललंय. खिडकी पास झाली एव्हाना.”

जाताना दारात थांबून तिने एक वाक्य उच्चारले: “ताईने कधी कुणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही, एवढं लक्षात ठेवा.”

शनिवार, ६ मार्च

संमतिपत्राबरोबर एक प्रश्नावली आहे. आज ती भरली.

प्रश्न ९: पहिले लक्षण कोणते व कोणत्या दिवशी? उत्तर: वास न येणे, गुरुवार, १४ जानेवारी. याविषयी मला शंका नाही. पत्नीचे खाली रस्त्यालगत शिवणाचे दुकान होते. त्या दिवशी ती वर घरात एका गिऱ्हाइकाचा कोट इस्त्री करीत उभी होती. मला आतल्या खोलीत जळका वास आला. बाहेर येऊन पाहतो तो इस्त्रीखालून धूर निघतो आहे आणि ही तिच्यासमोर उभी राहून फोनवर बहिणीशी गप्पा मारते आहे. चाळीस वर्षांत तिने एक धागा जाळला नव्हता. मी म्हणालो, “नाक कुठे ठेवलेस?” ती म्हणाली, “अहो, खरंच हो, कुठे ठेवलं?” आणि आम्ही दोघे हसलो. हसलो, हेही नोंदविणे भाग आहे.

प्रश्न ११: त्याआधीच्या पंधरवड्यात आजारी व्यक्तीशी निकट संपर्क आला होता काय? हो / नाही / माहीत नाही.

येथे मी पाऊण तास थांबलो. १० जानेवारी, रविवार. मुलगी नेहमीप्रमाणे जेवायला आली होती. ती गाणे शिकवते. उंच आहे म्हणून तिची आई तिला ‘शिडी’ म्हणत असे. त्या दिवशी तिचा घसा बसलेला होता. तिने तो लपविला आणि मला तो कळलाही नाही. पत्नीला कळला. मुलगी गेल्यावर तिने मला ते सांगितले आणि याबद्दल कधीही बोलणार नाही असा माझ्याकडून शब्द घेतला. तो शब्द घेणारी गेली म्हणून तो संपत नाही. शिवाय आपल्या त्या घशाचा आणि आईच्या आजाराचा संबंध असू शकतो, हे मुलीच्या मनात आलेले नाही असे दिसते. आणि ते येऊ नये.

मी ‘माहीत नाही’च्या चौकटीत खूण केली.

एकतीस वर्षांत मी खरे नसलेले काही कागदावर उतरविले नाही. आज उतरविले. आणि पुढचा प्रश्न घेतला.

मंगळवार, ९ मार्च

रुग्णालयाच्या मागील इमारतीत, तळघरात, ही प्रयोगशाळा आहे. (लिफ्ट ठीक, दार बंद होताना किंचित घासते. सांगून आलो.) तेथील पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर साधारण चाळिशीच्या आहेत. दिवसभर काचपट्ट्या पाहतात म्हणून तेथील लोक त्यांना ‘काचबाई’ म्हणतात आणि त्या त्याला ओ देतात. मी येथे त्यांना काचेच्या डॉक्टर म्हणेन.

मी आठ प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, “काका, हे आठही प्रश्न आमचेच आहेत. दोनाची उत्तरं देते, बाकीच्यांसाठी तुमची सही पाहिजे.”

मला जे कळले ते असे. विषाणू वाटेल त्या पेशीत शिरू शकत नाही. काही पेशींच्या पृष्ठभागावर एस-टू नावाचे एक प्रथिन असते. विषाणूचा काटा त्यातच अडकतो. शिवाय तो काटा योग्य जागी कापून देणारे आणखी एक प्रथिन जवळ असेल तर त्याचे काम सोपे होते. नाकात वास ओळखणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या पेशी, फुप्फुसातील हवेच्या पिशव्यांतील काही पेशी, आतड्याचे अस्तर, मूत्रपिंडातील नळ्या, हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशी, इतक्या ठिकाणी हे एस-टू आढळते.

मी म्हणालो, “म्हणजे लिफ्टसारखे. गाडी प्रत्येक मजल्यासमोरून जाते, पण मजल्याचे दार तेव्हाच उघडते जेव्हा गाडीवरचा खटका दाराच्या कुलपात नेमका बसतो. ज्या मजल्याला तसे कुलूपच नाही तेथे ती नुसती समोरून जाते.”

त्या खुर्चीत सरळ बसल्या. “थांबा, हे मी उद्या मुलांना शिकवताना वापरते.”

“परंतु एवढ्या महत्त्वाच्या मजल्यांवर शरीराने असे धोक्याचे कुलूप बसविलेच कशाला?”

“धोक्यासाठी नाही बसवलं, काका. रक्तदाब सांभाळायचा, क्षार-पाणी सांभाळायचं, तिथली सूज आवरायची, ही त्याची रोजची कामं. ते नसतं तर हे अवयव नीट चालले नसते. विषाणू त्याच कामाच्या दाराने आत येतो.” मग त्यांनी बोट वर केले. “आणि दार आहे म्हणजे तो शिरलाच, असंही नाही हं. पुष्कळदा शरीराचा स्वतःचाच बचाव हाताबाहेर जातो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. कुठे विषाणूने केलं आणि कुठे बचावाने केलं, तेच तर नमुन्यांत मोजायचंय.”

त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तरी आतड्याची काचपट्टी दाखविली. जेथे एस-टू होते तेथे तपकिरी रंग धरला होता. एका कडेने अखंड तपकिरी रेघ गेली होती, कापडाला गोट लावावा तशी. पत्नी असती तर तिने शिवण पाहण्यासाठी चष्मा मागितला असता.

मी सही करणार, हे तेथेच ठरले.

शुक्रवार, १२ मार्च

मुलगी आली. मी माझी सही करून ठेवली होती. तिला पेन दिले. तिने संमतिपत्र वाचले, मग प्रश्नावली वाचू लागली. माझ्याच सवयीने ती प्रत्येक ओळ वाचते. दुसरे पान उलटले आणि ती थांबली. मग तिने पेनाला टोपण लावले.

“मी नाही करणार सही.”

“कारण?”

“नाही करायची मला.”

“आईच्या शरीराचे तुकडे कोणी हाताळावेत हे तुला सहन होत नसेल तर मी ते समजू शकतो. मलाही प्रथम—”

“बाबा, प्लीज. नको.”

तिने चहाही घेतला नाही. माझे निदान: नमुन्यांची कल्पनाच तिला असह्य झाली. विषय शास्त्रीय पद्धतीने समजावून दिल्यास हा अडथळा दूर होईल.

शनिवार, १३ मार्च

मुलीला फोनवर विषय समजावून दिला. नाक, फुप्फुस, हृदय, आतडे, मूत्रपिंड या क्रमाने. सुमारे चाळीस मिनिटे लागली. ती शांतपणे ऐकत होती. (मध्ये एकदा “बाबा, मी जरा गॅस बंद करून येते” एवढेच म्हणाली.) शेवटी तिने विचारले, “हे कुणाकडून आलं ते कळतं का त्यात?”

मी सांगितले की, नमुन्यावरून विषाणू कोणत्या पेशीत होता ते कळेल. तो कोणी आणला, हा या अभ्यासाचा विषय नाही.

“पण तारखांवरून?”

मी सांगितले की, तारखांवरून कोणत्या अवयवाला केव्हा त्रास झाला याचा क्रम लावता येतो. तिचा प्रश्न थोडा विषयांतर करणारा होता, तरी तिला कुतूहल वाटू लागले हे सुचिन्ह आहे.

सहीबद्दल विचारताच फोन ठेवला.

मंगळवार, १६ मार्च

काचेच्या डॉक्टरांना उपयोग होईल म्हणून पत्नीच्या आजारातील माझी नोंदवही घेऊन गेलो. घरी होती त्या दहा दिवसांत मी दर दोन तासांनी तिच्या बोटाला यंत्र लावून प्राणवायूचे प्रमाण आणि नाडी लिहून ठेवली होती. रकाने आखलेले, वेळ मिनिटांसह. तिने त्यावरही विनोद केले होते: “साहेब, दोर तुटला तर आधी सांगा हं.”

डॉक्टरांनी पाने सावकाश उलटली. शहाण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. त्या म्हणाल्या, “इतकी सुंदर नोंद मी पाहिली नाही.” मग, वर न पाहता: “पाणी किती पीत होत्या? लघवी किती होत होती? काही अंदाज?”

तसा रकाना नव्हता.

मी म्हणालो, “तिला कशालाच चव लागत नव्हती. पाणीसुद्धा कागदासारखे लागते, म्हणत होती. पोट बिघडले होते. मी आकडे पाहून म्हणत असे, ‘शहाण्णव आहे, काळजी नको.’”

“तेव्हा सगळेच फुप्फुसाकडे बघत होतो, काका. आम्हीसुद्धा.”

त्यांनी वही ठेवून घेऊ का असे विचारले. मी हो म्हणालो.

बुधवार, १७ मार्च

नव्या निरीक्षकांना मी पहिल्या दिवशी सांगत असे: गाडीतल्या दर्शकावर मजल्याचा जो आकडा उमटतो त्यावर विश्वास ठेवू नका. दर्शक फक्त स्वतःला जोडलेली तार सांगतो. गच्चीवर चढा, लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरा.

मी दहा दिवस बोट पाहत बसलो.

रविवार, २१ मार्च

मुलगी या रविवारीही आली नाही. “बरं वाटत नाही” असा निरोप होता. मेव्हणी आली. तिला मी मुलीच्या नकाराबद्दल सांगितले आणि नमुन्यांविषयीच्या तिच्या नाजूक भावनांचा मान राखून मुदतीपूर्वी आणखी एक सविस्तर टिपण पाठविण्याचा विचार असल्याचेही सांगितले.

“टिपण पाठवू नका, देवाशपथ.”

“मग काय करावे?”

“भावोजी, तिने शिकवणी बंद केलीय. माहीत आहे तुम्हाला? मुलांना सांगितलं, घशाचं दुखणं आहे. मी मंगळवारी गेले होते, चांगला खणखणीत घसा आहे. पण गात नाही. पोर आतून पोखरली गेलीय आणि तुम्ही तिला आतडी समजावताय!”

“आईचे दुःख आहे.”

“दुःख मलाही आहे. मी जेवते, भांडते, तुमचं डोकं खाते. हे दुःख नाही, हे दुसरंच काहीतरी आहे. विचारा तिला. सांगू नका काही, नुसतं विचारा.” मग कपबशा उचलीत म्हणाली, “तुम्ही दोघं अगदी सारखे. ताई होती म्हणून या घरात कुणाला कुणाचं काही कळायचं.”

यात तथ्य असावे. मी मुलीला बुधवारी येण्यास सांगितले आहे. मुदतीला दहा दिवस उरले.

बुधवार, २४ मार्च

आजची नोंद शक्य तितकी जशी घडली तशी लिहितो.

मुलगी दुपारी तीन वाजता आली. संमतिपत्र टेबलावर होते. मी ठरविल्याप्रमाणे काहीही समजावले नाही. विचारले, “तू सही का करत नाहीस?”

ती उभीच होती. “तुम्हीच शिकवलंत ना? जे खरं नाही त्याच्याखाली सही करायची नाही.”

“यात खरे नाही असे काय आहे?”

तिने दुसरे पान काढले आणि अकराव्या प्रश्नावर बोट ठेवले. “हे. ‘माहीत नाही’. तुम्हाला माहीत नाही, मला मान्य आहे. पण मला माहीत आहे, बाबा.” तिने बोट उचलले नाही. “त्या रविवारी सकाळपासून माझा घसा दुखत होता. वाटलं, शनिवारी जास्त गायले म्हणून असेल. वाटलं नाही, मी वाटून घेतलं. मी आले नसते तर आई हिरमुसली असती. मी तिच्या शेजारी बसून जेवले. आणि मग गुरुवारी कोट जळला. तारखा मोजल्यात मी. शंभर वेळा मोजल्यात. मी ‘हो’ लिहिलं तर तुम्हाला कळेल, आणि या ‘माहीत नाही’च्या खाली सही केली तर मी... मी कुठल्या तोंडाने करू?”

मी बसलो होतो तेथून उठलो. मला ज्याची भीती होती ते तिच्या मनात पहिल्या दिवसापासून होते. मी तिच्यासाठी म्हणून खोटी खूण केली होती, आणि तिला सही करता येत नव्हती ती त्याच खुणेमुळे.

“मला माहीत होते,” मी म्हणालो.

“काय?”

“तुझा घसा. मला त्याच दिवशी संध्याकाळी कळले. तुझ्या आईला तर ताटावरच कळले होते.”

मला वाटले ती रडेल. ती रागावली. फार रागावली.

“म्हणजे दोन महिने तुम्ही... मी दोन महिने मरतेय इथे, आणि तुम्हाला माहीत होतं? एकदा बोलता आलं नाही तुम्हाला?”

“मी तिला शब्द दिला होता.”

“शब्द! तुमचे ते शब्द आणि तुमची ती प्रमाणपत्रं!” तिने टेबलावर हात आपटला. प्रश्नावली खाली पडली. ती उचलायला दोघेही वाकलो, आणि वाकलेले असतानाच तिने विचारले, “काय म्हणाली ती?”

मी शब्द मोडला. पत्नीचे बोलणे मला जसेच्या तसे आठवत होते आणि ते मी तसेच सांगितले. मुलगी जिना उतरून गेल्यावर ती खिडकीशी उभी होती. म्हणाली, “अहो, शिडीचा घसा बसलाय. आज एकदासुद्धा गुणगुणली नाही. तिला वाटतंय, मला कळलं नाही.” मी विचारले, “कळले होते तर तिच्या ताटातले उरलेले कशाला खाल्लेस? दिवस कसले आहेत!” तर म्हणाली, “आता लेकीच्या ताटातलंही चाचणी करून खाऊ का? तुम्ही काही बोलू नका हं तिला. बोललात तर पुढच्या रविवारी येणार नाही, आणि मग बसा दोघं एकमेकांची तोंडं बघत. द्या शब्द.”

“ताटातलं खाल्लं तिने?”

“अर्धी पोळी आणि भात. तू हात धुवायला गेली होतीस तेव्हा.”

मुलगी जमिनीवरच बसली, टेबलाच्या पायाला टेकून. “गाढव आहे ती,” ती म्हणाली. “एक नंबरची गाढव आहे.” ती हसत होती की रडत होती हे मला ठरविता आले नाही. मी गुडघे दुखत असूनही तिच्याशेजारी बसलो.

मग मी तिला रकान्याबद्दल सांगितले. शहाण्णव, सत्त्याण्णव, आणि न मोजलेले पाणी. मी म्हणालो, “घसा तुझा असेल. पण दहा दिवस ती माझ्या देखरेखीखाली होती.”

तिने माझ्या खांद्यावर डोके टेकविले. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, पाणी मोजा म्हणून?”

“नाही.”

“मग?”

“मला सुचायला हवे होते.”

“मलाही यायचं नाही हे सुचायला हवं होतं,” ती म्हणाली. आम्ही एकमेकांना काही समजावले नाही. समजावण्यासारखे काही नव्हते. पाच वाजेपर्यंत तसेच बसून होतो. मग मला तिने हात देऊन उठविले, कारण मला आपणहून उठता येईना.

शुक्रवार, २६ मार्च

दोघे प्रयोगशाळेत गेलो. कागदावरील चूक खोडून काढण्याची रीत मी मुलीला दाखविली: गिरगटायचे नाही, मूळ खूण वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची आणि समासात सही व तारीख. ‘माहीत नाही’ कापले. ‘हो’च्या चौकटीत खूण मुलीने स्वतः केली. पुढे ‘संपर्कातील व्यक्तीचे रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. तिने लिहिले: मुलगी. मग खाली सही केली.

काचेच्या डॉक्टरांनी पान वाचले. मग मुलीला म्हणाल्या, “हे यावरून सिद्ध होत नाही, कळतंय ना? आईंचं दुकान होतं. रोज माणसं मापं द्यायला यायची.”

“कळतंय,” मुलगी म्हणाली. “पण प्रश्न तो नव्हता. संपर्क आला होता का, असा होता.”

डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “ही तुमचीच.” मी होय म्हणालो.

तारीख पक्की झाल्यामुळे क्रम लावता येईल, असे त्यांनी सांगितले: नाक चौथ्या दिवशी, पोट सातव्या, मूत्रपिंडे केव्हा ते नमुन्यांवरून पाहता येईल. मूत्रपिंडांत विषाणू स्वतः पोहोचला होता की पाणी कमी पडल्याने आणि सुजेने ती थकली, हेही कदाचित कळेल. “कदाचित,” त्या पुन्हा म्हणाल्या. “आणि ते काहीही निघालं तरी पुढच्या माणसाच्या वहीत पाण्याचा रकाना असेल. तुमची वही मी आमच्या वॉर्डात दाखवली. सोमवारपासून तो आखलाय त्यांनी.”

मी रुमाल काढून चष्मा पुसला.

मुलीने विचारले, “आईला बघता येईल?”

निदानासाठी आधीच केलेली मूत्रपिंडाची एक साधी काचपट्टी होती. गुलाबी आणि जांभळी. आधी मी पाहिले. मला तीनशे बारीक वर्तुळे दिसली, एकाला एक लागून, मध्ये कोठेही जागा न सोडता. मी बाजूला झालो. मुलीने डोळा लावला आणि ती इतका वेळ हलली नाही की डॉक्टरांनी दुसरी खुर्ची पुढे सरकविली.

“बाबा,” ती डोळा न काढता म्हणाली, “काय नीटनेटकी होती हो ती आतूनसुद्धा.”

“काही वर्तुळे फाटलेली आहेत,” मी म्हणालो. मला खोटे सांगायचे नव्हते.

“दिसतात. पण बाकीची बघा ना.”

मी पुन्हा पाहिले.

रविवार, ४ एप्रिल

अकरा वाजता खालून मुलीचा फोन आला. “बाबा, मी इमारतीच्या दारात आहे. सकाळपासून नाक चोंदलंय आणि घसा खवखवतोय. नुसती सर्दीही असेल. पण वर येत नाही. डबा ठेवते आणि जाते. उद्या चाचणी करून घेते.”

मी तिला थांबायला सांगितले. मेव्हणीने पाठविलेला भात आणि उकडलेली अंडी दोन ताटांत घेतली, मास्क लावला आणि जिन्याने खाली गेलो. एक ताट पहिल्या वळणावर ठेवून मी वर येऊन बाराव्या पायरीवर बसलो. तिने ते उचलले आणि खालच्या पायरीवर बसली. जिन्याची खिडकी मी आधीच उघडून ठेवली होती. आम्ही भिंतीकडे तोंड करून जेवलो आणि एकमेकांशी मोठ्याने बोललो. तिने चार मुलांची शिकवणी पुन्हा सुरू केली आहे. त्यांतले एक अतिशय बेसूर आहे आणि त्यालाच सर्वांत जास्त हौस आहे. मला पुष्कळ हसू आले.

इतक्यात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर पिशवी घेऊन बाहेरून आले आणि आम्हाला पाहून थबकले. “हे काय? बापलेकींचं भांडण झालं की काय? जिन्यात पंगत?”

मुलीने मास्क वर ओढला, ताट मांडीवर घेतले, भिंतीला चिकटून वाट करून दिली आणि सगळ्या जिन्यात घुमेल अशा बसलेल्या आवाजात म्हणाली, “माझा घसा दुखतोय, काका. जरा लांबून जा.”

पोस्टमास्तर लांबून गेले. ती पुन्हा जेवू लागली.